चौथ्या दिवसाचं पाणी

नळ चौथ्या दिवशी येतो, पहाटे साडेतीनला.
आधी पिण्याची घागर, मग बॅरल,
मग ही मंडळी, आणि उरलंच तर मी.
रंगाच्या निळ्या पिंपात कढीपत्ता,
फुटक्या टबात पुदिना,
मोरीच्या पाण्यावर माजलेला गवती चहा,
आणि पानओवा, जो कुणी लावला नाही,
मोडून पडला तिथंच रुजला.

पिंप मालकानं दिलं, कारखान्याला कुलूप लावलं त्या दिवशी.
"घेऊन जा गड्डम," म्हणाला, "पगाराचं नंतर बघू."
तीनदा खळबळून धुतलं, वैशाखभर पालथं तापवलं,
तरी पहिल्या वर्षी पानं पिवळी पडली.
दुसऱ्या वर्षी माती बदलली.
तिसऱ्या वर्षी झाडानं मला माफ केलं, बहुतेक.

मला वास येत नाही.
एकतीस वर्षं रंगखान्यात
ब्लीचिंगच्या वाफेत चादरींचं सूत ढवळलं.
नाक कधी गेलं, कळलं नाही.
एका सकाळी दूध करपून काळं झालं
आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो.
नरसम्मा सूप टाकून धावत आली.
तिच्या बोटांना विडीच्या तंबाखूचा वास असायचा.
तेवढा एक आठवतो.

आता बोटांनी ओळखतो.
गवती चहाची पात उलटी ओढली की कापते.
पानओव्याचं पान तान्ह्याच्या कानाच्या पाळीसारखं, जाड, लवदार.
पुदिना चावला की वास नाही, पण गार लागतं;
डॉक्टर म्हणाले, तो रस्ता वेगळा असतो.
बरं झालं, एक रस्ता तरी चालू आहे.

विडी घरकुलात झाड एकाचं नसतं.
आम्ही म्हणतो करिवेपाकु, हिरेमठबाई करिबेवु,
तहसीन कढीपत्ता.
झाड एकाही हाकेला वळत नाही,
आंबट ताकाला वळतं.
मी सगळ्यांना सांगून थकलो:
एकेक पान ओरबाडू नका, अख्खी काडी कापा.
शेंडा छाटला तर दोन फुटतात.
फुलोरा आला की खुडा, नाहीतर झाड बियांच्या मागं लागतं.
हिरेमठबाई मान हलवतात
आणि ओरबाडतात.

मे महिन्यात पत्रा तापून टण् टण् वाजतो.
तेव्हा सगळ्यांवर चादर बांधतो,
सदोष मालातली, जिच्या मोराला तीन पाय आहेत.
सावली मात्र निर्दोष पडते.

मरवा एवढा एकच जमला नाही.
नरसम्माला गजऱ्यात लागतो, आमटीत नाही,
पण ती म्हणायची, स्वयंपाकाशेजारी असावा.
दोन उन्हाळ्यांत दोन गेले.
ती लेकीच्या बाळंतपणाला भिवंडीला गेली, जाताना तिसरा सोपवला.
तोही गेला. मी पाणी जास्त घातलं, काळजीनं.
मंगळवारच्या बाजारातून चौथा आणला, त्याच कुंडीत लावला.

काल फोनवर तिनं विचारलं,
"मरवा कसा आहे?"
"बरा आहे."
"वास येतो का त्याला?"
मी तहसीनच्या आफियाला हाक मारली,
फोन तिच्या कानाशी धरला, कुंडी नाकाशी.
पोर बराच वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, "दादीच्या पेटीतल्या ओढणीसारखा."
पलीकडं नरसम्मा हसली.
"मग तोच," म्हणाली.

तो तोच नव्हता. मी बोललो नाही.
मला ती पेटी माहीत नाही, ओढणीही नाही.
रात्री सगळे झोपल्यावर एक पान चुरगळलं,
सवयीनं हात नाकाशी नेला.
काही नाही.
दुसऱ्या हातानं पुन्हा.

परवा नळ येईल.
मरव्याला अर्धा तांब्या,
बोट मातीत घालून बघायचं आधी.
ओल लागली तर तोही नाही.